अकरा जणांना एकच हाक

माझे धाकटे दीर स्वतःचा चष्मा कधी स्वतः उचलत नाहीत. नुसता हात पुढे करतात आणि चष्मा हातात येतो. कोण देतं? मी देते! शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. आता चाळिशी उलटली, डोक्यावर मोजून चार केस उरलेत, पण हात अजून तसाच पुढे. टॉवेल, किल्ल्या, मोजे, छत्री. मी चिडते, बडबडते आणि देते. आमचे हे म्हणतात, "तूच लाडावून ठेवलंयस." ठेवलंय! आहे का कोणाचं काही म्हणणं?

तर या भाऊजींबद्दल सांगायचंय, आणि एका दिवसाबद्दल. तो दिवस आठवला की अजून माझा आवाज चढतो. भीतीने नव्हे हं, आनंदाने.

आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलात. मी तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, टेलिफोन ऑपरेटर. खोलीला खिडकी नाही, एक टेबलफॅन आहे आणि तो मान वळवताना दरवेळी कुरकुरतो. भाऊजी तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात. हॉस्पिटलचे प्रोग्राम लिहितात, जावा नावाच्या भाषेत. फोनवर सवयीने मला 'वहिनी' म्हणत राहिले, त्यांचं ऐकून बाकीचेही म्हणायला लागले, आणि आता मोठे डॉक्टरसुद्धा "वहिनी, जरा लॅब लावा" म्हणतात. माझं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलंय.

जेवायला बसलं की भाऊजींची गाडी कामावर येते. आम्हाला कळो न कळो. एकदा म्हणाले, आमच्याकडे डिपेंडन्सी इंजेक्शन नावाची पद्धत असते. म्हटलं, हे काय आणखी?

"सोपं आहे, वहिनी. प्रोग्राममध्ये छोटे छोटे तुकडे असतात. प्रत्येकाला कामाला काहीतरी लागतं. एकाला नोंदवही लागते, एकाला प्रिंटर. जो तो आपलं आपलं शोधत फिरला तर सगळा विचका होतो. म्हणून तुकडा फक्त सांगून ठेवतो, मला हे हे लागेल. बाहेर एक कंटेनर बसलेला असतो, तो ती वस्तू आणून त्याच्या हातात देतो. तुकडा जागचा हलत नाही."

मी वाढता वाढता थांबले. "अहो, म्हणजे हे तुम्हीच की! आणि तो कंटेनर म्हणजे मी!"

हे इतके हसले की ठसका लागला. भाऊजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "अगदी तसंच," आणि पाण्याच्या ग्लाससाठी हात पुढे केला.

आता टेलरबाई. तिची ओळख झाल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वय पस्तीस, कोट शिवण्यात हात धरणारं कोणी नाही, आणि दोन्ही किडन्या निकामी. चार वर्षं आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे डायलिसिसला यायची. एका हातात सुया टोचलेल्या असायच्या, म्हणून मोकळ्या हाताने जवळच्या नर्सची बाही ओढून शिवण बघायची आणि "हे कोणी शिवलं?" म्हणून नावं ठेवायची. तिच्या वेळा बदलल्या की फोन मी करायची. कामाचं बोलणं अर्धा मिनिट आणि गप्पा दहा मिनिटं. ती वाट बघत होती एकाच गोष्टीची: कोणीतरी दिलेली किडनी तिला जुळण्याची.

ती जुळते तेव्हा काय होतं, सांगते. दुसऱ्या हॉस्पिटलातून फोन येतो. किडनी आहे, तुमच्या अमक्या पेशंटला जुळतेय, एका तासात होकार कळवा. तासाच्या आत पेशंटचा आणि इथल्या सगळ्यांचा होकार गेला नाही, तर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला. संपलं! आणि कळवायचं अकरा ठिकाणी. मोठे डॉक्टर, किडनीचे डॉक्टर, भूल देणारे, ऑपरेशन थिएटर, लॅब, रक्तपेढी, डायलिसिस, वॉर्ड, अ‍ॅम्ब्युलन्स, स्वयंपाकघर, कारण त्या पेशंटला चुकून जेवण जाता कामा नये, आणि अकरावी स्वतः पेशंट. ही यादी माझ्या भिंतीवर चिकटवलेली होती. ऑफिसचा नियम असा, की एकाचा होकार घ्यायचा, सही करायची, मगच खालचा नंबर लावायचा.

दीड वर्षापूर्वी टेलरबाईला किडनी जुळली होती. मी वरून खाली फोन लावत गेले. तिसऱ्या नंबरला अडकले. भूलवाल्या डॉक्टरांचा फोन लागेना. लागेना म्हणजे लागेना! नियम म्हणून मी तिथेच डोकं आपटत बसले. अकराव्या नंबरला पोचले तेव्हा तास उलटून चार मिनिटं झाली होती. टेलरबाई पहिल्याच रिंगला "हॅलो" म्हणाली. तिला काय सांगितलं ते मला आठवतही नाही, आठवायचंही नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी भाऊजींवरच भडकले. "तिसऱ्या मजल्यावर बसून दिवसभर बडवता ना की-बोर्ड? मग याचं काहीतरी करा की!"

त्यांनी हात पुढे केला नाही. चष्मा स्वतः शोधला, कागद स्वतः घेतला आणि लिहायला बसले. तेव्हाच मी ओळखलं, माणसाने हे मनावर घेतलंय.

त्यांची युक्ती ऐकून मी खूश झाले. म्हणाले, "वहिनी, एकेकाला फोन करायचाच नाही. प्रोग्रामने फक्त एक हाक मारायची: किडनी आली! याला इव्हेंट म्हणतात. कोण ऐकतंय, किती जण ऐकतायत, हे हाक मारणाऱ्याला माहीतच नसतं. ज्याला ऐकायचंय त्या तुकड्यावर मी एक खूण करून ठेवतो, 'हा ऐकणारा'. कंटेनर त्या खुणा शोधतो आणि सगळ्यांना हाक पोचवतो. उद्या बारावा आला तर आधीच्या अकरांना हातही लावायला नको."

"आणि अकरावी खाली राहणार नाही?"

"खाली-वर काही नाहीच."

पुढचे काही महिने घरात दुसरा विषय नव्हता. दाढी करताना पुटपुटायचे, जिना चढताना पुटपुटायचे. एकदा भाजी आणायला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि दारातच म्हणाले, "सुटलं!" मी कपाळावर हात मारला.

पहिली रंगीत तालीम मंगळवारी सकाळी ठरली. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, खोटी खोटी किडनी येणार, निरोप आला की बटण दाबा आणि वहिनींना फोनवर 'मिळाला' म्हणा. दहाच्या ठोक्याला भाऊजींनी हाक सोडली. माझ्या खोलीत फोनवर फोन! रक्तपेढी म्हणते मिळाला. डायलिसिस म्हणते मिळाला. आणि मग चिडीचूप. थिएटर? काही नाही. मोठे डॉक्टर? काही नाही, आणि ते चिडलेले. मी धापा टाकत तिसरा मजला गाठला.

"झालं काय?"

"स्वयंपाकघराच्या प्रिंटरमध्ये कागद नव्हता," भाऊजी म्हणाले. चेहरा एवढासा.

"मग स्वयंपाकघराला कळलं नसेल. थिएटरचं काय?"

"ऐकणारे एकामागोमाग एक ऐकतात, वहिनी. कोण आधी, ते कंटेनर ठरवतो. आज स्वयंपाकघर तिसरं आलं. कागद नाही म्हणून त्याने तिथेच बोंब ठोकली, आणि मागच्यांपर्यंत हाक गेलीच नाही. वर मूळ नोंदही पुसली गेली. किडनी आलीच नव्हती असं झालं."

माझं डोकंच फिरलं. "अहो भाऊजी, हे तर मी केलं होतं! टेलरबाईच्या वेळी! तिसऱ्या नंबरला अडकून खालच्यांचं वाटोळं करायला मीच पुरेशी होते, त्याला कॉम्प्युटर कशाला?"

सगळा विभाग माना खाली घालून बसला. पण भाऊजींचे डोळे चमकले. माझ्याकडे बघत म्हणाले, "बरोबर! तुमची यादीच मी उचलून आत ठेवली!" आणि माझ्या देखत खुर्ची ओढून कामाला लागले. चार दिवसांनी जेवताना जाहीर केलं: आता प्रत्येकाला वेगळ्या वाटेने हाक जाते, एक अडखळून पडला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. आणि नोंद पक्की झाल्याशिवाय हाक तोंडातून बाहेरच पडत नाही. मी त्यांच्या ताटात जास्तीचं वाढलं.

दुसरी तालीम झकास झाली. अकराच्या अकरा! तीन मिनिटांत! तिसऱ्या मजल्यावर टाळ्या पडल्या, मोठे डॉक्टर जातीने येऊन भाऊजींच्या पाठीवर थाप मारून गेले. मी खाली खोलीत एकटीच नाचले, खोटं कशाला बोलू.

त्याच दुपारी साडेतीनला टेलरबाई आली.

हातात कपड्यांची बॅग. मागे नवरा, त्याच्या हातात सगळ्या रिपोर्टांची जाड फाइल. दोघांचे चेहरे असे उजळलेले, की मला आधी काही समजलंच नाही. माझ्या टेबलाशी वाकून म्हणाली, "वहिनी, आली! मेसेज आला! अर्धा कोट मशीनवर तसाच टाकून आले."

मी भाऊजींना फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "खाली या." ते आले. त्यांनी कोणाला मध्ये घातलं नाही, कारण सांगत बसले नाहीत. तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, "बाई, किडनी आलेली नाही. ती तालीम होती. मेसेज माझ्या चुकीने गेला." नवऱ्याने फाइल भिंतीशी टेकवली आणि तोंड फिरवलं. टेलरबाई बराच वेळ भाऊजींच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "वहिनी, यापुढे मी मेसेज उघडणारसुद्धा नाही. तुमचा आवाज आला तरच येईन." बॅग उचलली आणि गेली.

दोन दिवस भाऊजींनी अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट पुढे सरकवून विचारलं, "असं झालंच कसं? तालमीसाठी तुम्ही पेशंटला मेसेज पाठवणारा तुकडा खोटा केला होता ना, तो मेसेजवाला?"

"केला होता. तो नुसता पडद्यावर लिहायचा. पण तालमीत नाव टेलरबाईचंच घातलेलं, आणि खरा मेसेजवाला मी काढायला विसरलो. तोही आतच होता, ऐकण्याची खूण अंगावर घेऊन."

"मग कंटेनरने विचारलं नाही, दोनातला कुठला?"

"तिथेच फसलो, वहिनी. मी चष्म्यासाठी हात पुढे केला आणि टेबलावर दोन चष्मे असले, तर तुम्ही विचारता, 'कुठला?' कंटेनरही वस्तू देताना विचारतो, अडून बसतो. पण दारातून नुसती हाक मारली तर घरातले सगळेच 'ओ' देतात. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. वर्षानुवर्षं तो विचारतो म्हणून मी निर्धास्त होतो."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. म्हटलं, "दोन घास खा आणि मग नीट करा."

त्यांनी नीट केलं. तालमीचं सगळं वेगळ्या डब्यात, खऱ्याचं वेगळ्या डब्यात. आणि आणखी एक केलं. एका दुपारी पेचकस घेऊन माझ्या खोलीत आले आणि माझ्या टेबलावर एक लाल दिवा बसवला. अंगठ्याएवढा. म्हणाले, "पेशंटने दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही, की आतून दुसरी हाक निघते: उत्तर नाही. ती ऐकणारा एकच आहे. हा दिवा."

"आणि दिवा लागल्यावर?"

"पुढचं मला लिहिता येत नाही. ते तुम्हाला येतं."

पुढे दोन महिने तो दिवा काही लागला नाही. मी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायची.

आणि तो दिवस! गुरुवार, अकरा वाजून दहा मिनिटं. कुठलीही तालीम ठरलेली नाही. दुसऱ्या हॉस्पिटलातून फोन आला, मी तो किडनीच्या ऑफिसात जोडून दिला, त्यांनी बटण दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं हॉस्पिटल जागं झालं! वरून स्ट्रेचरची चाकं धडधडली. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने डबा अर्धा टाकून धाव घेतली, तो माझ्या दारासमोरून गेला तेव्हा तोंडात घास होता. रक्तपेढी, मिळाला. थिएटर, मिळाला. भूलवाले डॉक्टर, मिळाला! त्या दिवशी लॅबचा कॉम्प्युटर मान टाकून बसला होता, पण म्हणून कोणाचं काही अडलं नाही. लॅबला मी तोंडी सांगितलं. चार मिनिटांत दहा जण तयार! दीड वर्षापूर्वी चार मिनिटांत मी दुसऱ्या नंबरवर होते.

अकरावी? टेलरबाईच. उत्तर नाही.

अकरा वीस. लाल दिवा लागला. मी तिचा मोबाइल लावला, वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, तेच. शिलाई मशीनच्या घरघरीत तिला ऐकू यायचं नाही हे मला पक्कं ठाऊक, आणि मेसेज तर ती उघडणार नव्हतीच. शब्दाची पक्की बाई ती! किडनी आलेली, दहाच्या दहा जण सज्ज, आणि जिच्यासाठी सगळं ती आपल्या दुकानात कोट शिवत बसलेली.

पण माझी डायरी आहे ना! रबरबँड लावलेली, फुगलेली. प्रत्येक पेशंटच्या नंबरमागे मी लिहून ठेवलंय, 'इथे नसेल तर कुठे'. गप्पा काय उगाच मारते मी? डायरी काढली, पान उघडलं, आणि माझाच चष्मा सापडेना. न बघता मी हात मागे केला. चष्मा हातात आला. मागे भाऊजी उभे होते, तीन जिने उतरून आलेले, घामाघूम. दोघांनाही बोलायला वेळ नव्हता.

टेलरबाईच्या दुकानाखाली एक बटणवाला बसतो. त्याचा नंबर लावला.

"वरच्या टेलरबाईला बोलवा, लवकर!"

"समोर गिऱ्हाईक आहे हो."

"गिऱ्हाईकाला उभं राहू दे! तिची किडनी आलीय, किडनी!"

फोन टेबलावर आदळल्याचा आवाज आला, मग जिन्यावर धाडधाड पावलं. बटणवाला सत्तरीचा आहे, गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांशी रडतो. त्या दिवशी कुठले गुडघे! आणि मी इकडे कान लावून बसलेली. मागे राहिलेलं गिऱ्हाईक फोनमध्ये डोकावून म्हणतंय, "निळी आहेत का? चार भोकांची?" मी ओरडले, "अहो, फोन ठेवू नका हो! पाया पडते, ठेवू नका!"

अकरा तेहतीस. पलीकडे धापा टाकणारा श्वास.

"कोण?"

"मी बोलतेय गं."

तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, तालीम आहे?"

"नाही. खरी आहे. माझी शपथ. खाल्लंयस काही?"

"सकाळी एक चहा."

"आता पाणीसुद्धा नको. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. येतेस ना? 'हो' म्हण. मला तुझ्या तोंडून 'हो' हवंय."

"एक बटण राहिलंय लावायचं."

"राहू दे मेलं ते बटण!"

ती हसली. हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "हो. हो वहिनी, हो." भाऊजींनी माझ्या खांद्यावरून वाकून दिव्याशेजारचं 'हो'चं बटण दाबलं. तास संपायला छत्तीस मिनिटं होती!

दुपारी एकला तिला थिएटरमध्ये नेलं. त्यानंतर मात्र कोणाच्या हातात काही नसतं. नवी किडनी बसवली, शिवली, तरी ती चालू होईल असं नाही. चालू झाली हे कळायची खूण एकच, आणि ती ऐकून बाहेरचे लोक नाक मुरडतात. टेलरबाईला तीन वर्षांत थेंबभर लघवी झालेली नव्हती. भाऊजी माझ्या खोलीतल्या स्टुलावर येऊन बसले. मी "काम नाही का?" विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फॅन कुरकुरत होता. पाच वाजता बटणवाल्याचा फोन, "झालं का काही?" साडेपाचला पुन्हा. मी चिडून म्हटलं, "झालं की सांगेन ना!"

सहा वाजून दहा मिनिटांनी वॉर्डाच्या सिस्टरचा फोन. बाई पार किंचाळत होती.

"वहिनी, झाली! नळीतून भरभरून येतेय! पिशवी बदलावी लागतेय!"

मी खुर्चीतून ताडकन उठले, कानावरचा हेडफोन निसटून गळ्यात आला. भाऊजी स्टुलावर तोंड ओंजळीत धरून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बावीस वर्षांत त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. रुमालासाठी त्यांनी हात पुढे केला. मी माझा पदर दिला.

डोळे पुसून झाल्यावर माणूस पुन्हा मूळ पदावर! "वहिनी, हा इव्हेंट राहूनच गेला. उद्या लिहून टाकतो. सगळ्यांना एकदम कळेल."

"खबरदार!" मी म्हटलं. "बाकीचं सगळं तुमचं. ही हाक मी मारणार, एकेकाला, माझ्या तोंडाने."

आणि हेडफोन सरळ करून मी पहिला नंबर लावला, तो बटणवाल्याचा.

"ऐकता का? झाली! लघवी झाली!"

"कोणाला?" तो दचकून म्हणाला.

"अहो, आपल्या टेलरबाईला!"

पलीकडे मोठ्याने खळ्ळकन आवाज झाला. बटणांचा आख्खा डबा त्याच्या हातून खाली पडला होता, आणि तो म्हातारा नुसता ओरडत होता, "पडू दे! सगळी पडू दे!"